आधी कांदा दाबून बघा

लासलगावच्या लिलावात व्यापारी ट्रॉलीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतो. तळातले दोन कांदे काढून दाबतो, पत्ती सुटलीय का बघतो, वास घेतो आणि मगच बोली बोलतो. आमच्या बिल्डिंगमध्ये असेच एक व्यापारी आहेत. त्यांना आपण अण्णा म्हणू. कांद्याच्या बाबतीत अण्णांचा सख्ख्या मेहुण्यावरही विश्वास नाही.

पण सावरकर जयंतीला, २८ मेच्या सकाळी सहाला बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचा फॉरवर्ड आला : 'सावरकरांनी माफीचे अर्ज केले ते गांधीजींच्या सांगण्यावरून!' खाली भगवे झेंडे, हात जोडलेले. साडेसहाला चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त सरांचं प्रत्युत्तर : 'कान्हेरेला फासावर पाठवून हे लंडनला मजेत. वर इंग्रजांची साठ रुपये पेन्शन!!' उद्गारचिन्हं दोन, म्हणजे पुरावा भक्कम.

मला सुट्टी होती. म्हटलं, आज आपणच ढिगात हात घालू.

गांधीजींचं पत्र खरं आहे. २५ जानेवारी १९२० रोजी त्यांनी सावरकरांचे धाकटे भाऊ नारायणराव यांना अर्ज करण्याचा सल्ला दिला होता. पण सावरकर अंदमानात पोचले जुलै १९११मध्ये आणि त्यांचा पहिला अर्ज त्याच वर्षीचा. दुसरा नोव्हेंबर १९१३चा. त्यात सुटका झाली तर सरकारची सेवा करण्याची तयारी स्पष्ट लिहिलेली आहे, ती झाकून झाकली जात नाही. गांधीजी तेव्हा दक्षिण आफ्रिकेत. हिंदुस्थानात परतले ते जानेवारी १९१५मध्ये. सल्ला १९२०चा, अंमलबजावणी १९११ची. एवढा आज्ञाधारक माणूस गांधीजींना आश्रमातही मिळाला नसेल.

आता सरांचा कांदा. २१ डिसेंबर १९०९ला आपल्या नाशकात, विजयानंद थिएटरात, 'शारदा'च्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या. सावरकर तेव्हा लंडनला होते, हे खरं. पिस्तुलं तिथून त्यांनीच धाडली, हेही खरं. 'मजेत' मात्र जेमतेम तीन महिने. मार्च १९१०मध्ये अटक झाली आणि पुढे दोन जन्मठेपा, मिळून पन्नास वर्षं. १९२४ला सुटले ते रत्नागिरी जिल्हा सोडायचा नाही, राजकारण करायचं नाही, या अटींवर. अटी उठल्या १९३७ला. साठ रुपये होते ते या स्थानबद्धतेतला निर्वाह भत्ता. तो घ्यावा की घेऊ नये, यावर वाद घाला, खुशाल घाला. पण पेन्शन कशाला म्हणतात, हे सरांना मी सांगायचं? दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत पहिला नंबर त्यांचा असतो.

हे सगळं तारखांसकट ग्रुपवर टाकलं. एक अंगठा आला, तोही वॉचमनचा. अण्णांनी खासगीत विचारलं, ''तुम्ही नक्की कोणाकडून?'' सरांनी खासगीत विचारलं, ''तुम्हीपण त्यांच्यातलेच का?'' सावरकरांचं जन्मगाव भगूर इथून अर्ध्या तासावर. दोघांपैकी कोणी तिथला सावरकर वाडा पाहिलाय का, म्हणून विचारलं, तर दोघंही एकदम ऑफलाइन.

मग मी शेवटचं एक टाकलं : २८ मे १९७० रोजी सावरकरांचं टपाल तिकीट निघालं, इंदिरा गांधींच्या सरकारच्या काळात.

अण्णा आणि सर मिनिटभरात हजर. आयुष्यात पहिल्यांदाच दोघांचं एकमत : ''फेक आहे.''