रोज एक जानेवारी

पत्रिका हातात आली तेव्हाच शंका यायला हवी होती. वर गणपती, मधोमध सोनेरी अक्षरांत ‘जुन्या संगणकांना नवे घर’, खाली ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’. लग्नपत्रिका समजून मी आधी वधू कुठली ते पाहिलं. वधू जिल्हा परिषदेची शाळा होती. पहिली ते पाचवी, शिक्षक दोन, खोल्या तीन, त्यातली एक गळकी. वर बारा होते आणि बाराही बिजवर. शहरातल्या कुठल्याशा हापिसात एक संसार पुरता करून वानप्रस्थाला निघालेले.

सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला. टेम्पोला झेंडूच्या माळा, पोरांचं लेझीम, दहा बाय आठचा फ्लेक्स. फ्लेक्सवर साहेबांचा फोटो पाच फुटी आणि संगणकाचा एक फुटी. तो संगणकही टेम्पोतल्या बारांपैकी नव्हता, कुठल्यातरी जाहिरातीतला नवाकोरा होता. मुलीकडच्यांना धाकट्या भावाचा फोटो पाठवतात तसा. हस्तांतरणाच्या पत्रावर लिहिलं होतं, ‘सर्व संच चालू स्थितीत’. चालू कोण, ते लिहिलं नव्हतं. मग साहेबांनी फीत कापली आणि कळ दाबली. पडद्यावर काळोखात पांढऱ्या इंग्रजी अक्षरांच्या चार ओळी उमटल्या. साहेब जरा दचकले, पण शेवटची ओळ वाचून त्यांनी एफ-वन दाबलं. हळूहळू निळं चित्र उगवलं आणि मांडव टाळ्यांनी दणाणला.

मला समारंभात घड्याळ बघायची खोड आहे. भिंतीवर घड्याळ नव्हतं म्हणून मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. बाहेर २०२५ चा श्रावण पडत होता. कोपऱ्यात १ जानेवारी २००५ होती.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. संगणकाच्या पोटात, मदरबोर्डावर, नाण्याएवढा एक सेल असतो. सीआर २०३२ त्याचं नाव. व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, म्हणून २०३२. (गुरुजींनी झाकण उघडून तो दाखवला तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष आकडा वाचून समाधानाने म्हणाले, “वॉरंटी लय आहे की अजून.”) वीज नसताना संगणकाचं वेळेचं भान राखायचं, हे त्याचं मुख्य काम. संच विजेला जोडलेला असला तर सेलवर फारसा भार येत नाही. पण संच गोदामात दोन-चार वर्षं निजून राहिला की सेल एकटाच रात्रपाळी करत बसतो आणि करता करता संपतो. तो संपला की दर वेळी वीज आल्यावर संगणक कारखान्यात शिकवलेल्या पहिल्या तारखेवर जाऊन उभा राहतो आणि एफ-वन दाबा म्हणतो.

हा सेल मनगटी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याच्या टपरीवर मिळतो. किंमत वीस-तीस रुपये. बारा संगणकांना बारा, म्हणजे फार तर ३६० रुपये. मी व्यासपीठावरच्या शाली मोजल्या. सात. एका पाहुण्याने तेवढी थंडी सोसली असती तर भागलं असतं. शाल नको, साहेबांचा फोटो पाचऐवजी दोन फुटी छापला असता तरी भागलं असतं; फ्लेक्सवाला चौरस फुटाचे दहा-बारा रुपये घेतो, तीन फूट गुणिले दहा फूट, करा हिशेब. पण फोटोतला माणूस आखडता येत नाही.

दिवाळीनंतर मी पुन्हा शाळेत गेलो. आमंत्रण नव्हतं, म्हणून सगळं नीट बघता आलं.

गुरुजी रोज शाळा सुटताना मेन स्विच पाडतात, कारण गळक्या खोलीतलं पाणी वायरिंगपर्यंत पोचतं. त्यामुळे रोज सकाळी परिपाठ झाला की बारा संगणकांचं नववर्ष सुरू होतं. सात जण १ जानेवारी २००९ ला उठतात, चार जण १ जानेवारी २०१० ला आणि एक तो समारंभातला, १ जानेवारी २००५ ला. एकाच खोलीत तीन सालं आणि तीन वार. २००९ वाल्यांचा गुरुवार, २०१० वाल्यांचा शुक्रवार आणि २००५ वाल्याचा शनिवार. पोरांनी ते बरोबर हेरलं आहे. शनिवारच्या संगणकावर बसायला मारामाऱ्या होतात, कारण शनिवारी सकाळची शाळा असते. शालेय मंत्रिमंडळात स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री यांच्या जोडीला एक एफ-वनमंत्री नेमला आहे. पाचवीतला उंच पोरगा आहे. खाती बदलायला तो तयार नाही. चौथीतल्या एका मुलीने पेंटमध्ये घर, सूर्य आणि दोन डोंगर काढले आणि चित्र जपून ठेवलं. फायलीवर तारीख पडली २००५ ची. मुलीचा जन्म २०१५ चा. जन्माआधी दहा वर्षं चित्रकलेत गती असल्याचा पुरावा शाळेच्या दप्तरी आहे. तालुक्यात दुसऱ्या कुठल्या शाळेकडे असेल तर दाखवावा.

“तारीख हाताने बदलता येते की,” मी म्हटलं.

“येते ना, सर. आठवडाभर बदलली. बारा संगणकांना अर्धा-पाऊण तास जातो. तोवर पहिली-दुसरी शेजारच्या गोठ्यात जाऊन येते.”

“आणि नाही बदलली तर?”

“तर इंटरनेट चालत नाही.”

हे खरं आहे. सुरक्षित संकेतस्थळ उघडताना ब्राउझर त्याचं प्रमाणपत्र तपासतो आणि ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे ते आपल्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ २००९ मध्ये असेल तर आजचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच यायचं असतं. ब्राउझर म्हणतो, तुमचं घड्याळ मागे आहे, आधी ते बघा. गुरुजींना अधूनमधून एक ऑनलाइन माहिती भरावी लागते. तिच्यात एक रकाना असतो : शाळेत संगणक किती, पैकी चालू किती. ती माहिती या बारांपैकी एकाही संगणकावर उघडत नाही. गुरुजी वडाखाली रेंज येते तिथे उभे राहून स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या पैशाच्या नेटवर भरतात : संगणक १२, चालू १२.

मग सेलच का आणत नाही? मी विचारलं, आणि शहरातून आलेल्या माणसाकडे बघावं तसं गुरुजींनी बघितलं. सादिलमधून, म्हणजे किरकोळ खर्चाच्या अनुदानातून, खडू, झाडू, वीजबिल आणि फुटलेला नळ भागवायचा असतो. वर्गणी काढावी तर लोक म्हणतात, आत्ताच तर एवढे संगणक फुकट आले. या वाक्यात दानाचं सगळं अर्थशास्त्र आलं. फुकट आलेल्या वस्तूवर पैसे खर्च करणं हा गावात वेडेपणा ठरतो आणि देणाऱ्याच्या लेखी तो विषय फोटोबरोबर संपलेला असतो.

देणाऱ्याचा हिशेब मी एका सनदी लेखापालाकडून समजावून घेतला, कारण पुण्याचा हिशेब मला आधीपासून येतो. कंपनी कायदा टेबलावरच्या संगणकाचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरतो. प्राप्तिकर दरसाल उरलेल्या किमतीवर ४० टक्के घसारा मान्य करतो. म्हणजे ४०,००० चा संगणक पाच वर्षांत कागदावर ३,११० रुपयांचा उरतो. तिकडे तो असा विरघळत जातो आणि इकडे शाळेच्या जडवस्तू नोंदवहीत शिरला की अजरामर होतो. त्याला बाहेर काढायचं तर निर्लेखन. निर्लेखनाला ठराव, प्रस्ताव, मंजुरी आणि प्रत्येक कागदामागे तालुक्याची एक फेरी. कंपनीला जो संगणक टाकायला एक टेम्पो पुरला, तो टाकायला गुरुजींची उरलेली नोकरी पुरणार नाही. तोवर तो जागा अडवणार, उंदीर पोसणार आणि बदली झाल्यावर नव्या गुरुजींना चार्जमध्ये मोजून मिळणार.

तरी मी कुणाच्या हेतूवर शंका घेत नव्हतो. मग मी ई-कचऱ्याचे नियम वाचले. २०२२ चे, १ एप्रिल २०२३ पासून लागू. त्यांत लिहिलं आहे की मोठ्या ग्राहकाने, म्हणजे ढिगाने संगणक वापरणाऱ्या आस्थापनेने, आपला ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीकार किंवा पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच द्यायचा. इथे मला ‘चालू स्थितीत’ या शब्दांचं महत्त्व कळलं. संगणक बंद आहे म्हटलं तर तो कचरा, आणि कचऱ्याला नियम आहेत, कागद आहेत. चालू आहे म्हटलं तर ते दान, आणि दानाला फक्त हार आहेत. एफ-वन दाबल्यावर जो उजळतो तो संगणक. उद्या एफ-वनची कळ निखळली की तोच कचरा, पण तोवर तो कचरा शाळेचा झालेला असतो. शाळेचा कचरा उचलायला झेंडू लावून टेम्पो येत नाही. भंगारवाला येतो, किलोवर नेतो, कुठेतरी उघड्यावर तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. कठोपनिषदात नचिकेत्याच्या बापाने यज्ञात दान दिलेल्या गायी अशाच होत्या, पाणी पिऊन झालेल्या, गवत खाऊन झालेल्या, दूध देऊन झालेल्या. पोरगं लहान होतं म्हणून त्याने धर्माच्या गायीचे दात मोजले. बाप एवढा चिडला की त्याने पोरगंच यमाला देऊन टाकलं. आमच्या समारंभात तसा कुणी नचिकेता नव्हता. पोरं सकाळी साडेनऊपासून लेझीम घेऊन उन्हापावसात उभी होती, त्यांच्यात तेवढी ताकद उरली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर माझा राग त्या साहेबांवर नाहीच. माझा राग दोन शब्दांवर आहे. ‘गावाला होईल.’ मराठी मध्यमवर्गाच्या घरात हे दोन शब्द उच्चारले की कुठल्याही वस्तूचा आत्मा मुक्त होतो. तुटक्या दांडीची कढई, गावाला होईल. उसवलेला सोफा, गावाला होईल. गार न करणारा फ्रीज, एका बाजूला हिरवा दिसणारा टीव्ही, आवाज करणारा मिक्सर, भरलेल्या डायऱ्या, कोरे राहिलेले हिशेबाचे चोपडे, एक काडी मोडलेल्या छत्र्या. आमच्या गावच्या घरी ओटीवर तीन टीव्ही आहेत, तिन्ही खोक्याचे, तिन्ही मुंबईहून एसटीच्या टपावरून किंवा कुणाच्या तरी ट्रकमधून आलेले, तिन्ही ‘थोडंसंच काम आहे’ म्हणून पाठवलेले. काकू त्यांच्यावर वाळवणं ठेवते. त्यांच्या काचेत शिसं आहे हे तिला मी सांगितलेलं नाही, कारण त्यातला एक मीच पाठवला होता. गावाला काय होतं, हे गावाला कुणी विचारत नाही. मग हीच माणसं मोठी होतात, त्यांना केबिन मिळते, आणि केबिनमध्ये बसून ती तेच वाक्य इंग्रजीत म्हणतात. तेवढ्याने त्याला सामाजिक जबाबदारीचा वास येतो.

जुना संगणक देऊच नये, असं म्हणणारा मी नाही. दहा वर्षांच्या संचात नवा सेल, थोडी मेमरी, साध्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आणि फुकटातलं लिनक्स घातलं तर तो पाचवीच्या पोरांना पुरून उरतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशी कामं वर्षानुवर्षं चालली आहेत, शालीशिवाय. पण त्यासाठी झाकण उघडावं लागतं. आणि आता तर मोठी वरात निघायची आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा पाठिंबा संपला, विंडोज ११ जुन्या प्रोसेसरला घरात घेत नाही, म्हणजे हापिसाहापिसांतून धडधाकट बिजवर उभे आहेत. मांडववाल्यांनी तारखा राखून ठेवाव्यात. तारीख कुठली म्हणाल तर १ जानेवारी.

शाळेतून निघताना शनिवारच्या संगणकासमोर गुरुजी एकटेच बसलेले दिसले. पोरं गेली होती. त्यांची नेमणूक जून २००७ ची. ज्यांची नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आत झाली त्यांना जुनी पेन्शन, पुढच्यांना नाही. पडद्याच्या कोपऱ्यात १ जानेवारी २००५ होती. मी दारातूनच नमस्कार केला.

तालुक्याच्या स्टँडवरच्या घड्याळवाल्याकडून मी बारा सेल घेतले आणि गुरुजींकडे पोचवले. नोंद कशी करायची यावर त्यांची थोडी चलबिचल झाली, कारण संगणक जड आणि सेल नाशवंत. अखेर त्यांनी ते नोंदवलेच नाहीत.

परवा फोन केला. अकरा संगणक सुधारले म्हणाले. तारखा टिकतात. त्यांना आपलं वय कळल्याबरोबर त्यांतल्या अँटिव्हायरसने मुदत संपल्याची पाटी लावली आहे आणि ती मिटवायला पोरांनी नवा मंत्री नेमला आहे. पण तारखा टिकतात.

“आणि बारावा?”

“तो राहू द्या, सर.”

“सेल खराब निघाला का?”

“नाही, नाही. सेल आहे कपाटात.” थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला, वडाखाली उभे असावेत. “तेवढा एक शनिवार असू द्या.”