बेसकाका

प्रत्येक सोसायटीत एक बेसकाका असतात. त्यांना संगीताची आवड आहे असा लोकांचा समज असतो. त्यांना आवड असते ती बेसची. ख्याल लावला तरी गायकाकडे त्यांचं लक्ष नसतं. त्यांचे कान डग्ग्याकडे. "घुमला का?" एवढंच ते विचारतात. पाहुणा "छान गायलेत" म्हणाला, की त्याचा चहा साखरेशिवाय येतो.

माणसाला २० हर्ट्झपर्यंतचा खर्ज ऐकू येतो हे त्यांनी कुठंतरी वाचलं, तेव्हापासून घराचं स्वास्थ्य गेलं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला बोलते. काकांना त्याच्याही खालचं हवं. आधी अँप्लिफायर बदलला, मग स्पीकर, मग मनगटाएवढ्या जाडीच्या वायरी आल्या. दिवाळीच्या बोनसमधून सबवूफर आला आणि काकूंचं शिलाई मशीन बाल्कनीत गेलं. तरी काकांचं रडगाणं चालूच : "माझा बेस जातो कुठं?"

जातो स्वयंपाकघरात. तिथं डब्यांची झाकणं थरथरतात. खालच्या आजोबांच्या शोकेसच्या काचा झणझणतात. इमारतीत बेस मिळत नाही तो फक्त सोफ्यावर बसलेल्या काकांना, कारण त्यांचा हॉल १२ फुटी आणि सोफा मधोमध. ४७ हर्ट्झच्या स्वराची एक लहर साधारण २४ फुटांची. १२ फुटांच्या खोलीत ती समोरासमोरच्या भिंतींपाशी घुमते आणि बरोब्बर मध्यावर गप्प होते. बाजारातला कुठलाही अँप्लिफायर ही भिंत हलवू शकत नाही.

एका जाणकारानं त्यांना उपाय सांगितला, आणि तो खराही आहे : सबवूफर सोफ्यावर ठेवायचा, आपण खोलीभर रांगायचं, जिथं बेस भरीव लागेल तिथं त्याची जागा पक्की करायची. सेक्रेटरी तक्रार घेऊन आले तेव्हा काकांचं डोकं टीपॉयखाली होतं.

"काही हरवलंय का?"

"बेस," काकूंनी आतूनच सांगितलं.

शेवटी पुतण्यानं बघितलं. एका स्पीकरची तांबडी वायर काळ्या टोकाला होती. एक पडदा पुढं ढकलतोय तेव्हा दुसरा मागं ओढतोय, आणि दोघं मिळून बेस खातायत! त्यानं वायरी अदलाबदल केल्या आणि डग्गा घुमला. काका पुतण्याकडे बघून म्हणाले, "वायर मुरायला वेळ लागतो म्हणत नव्हतो मी?"

तुमच्या हॉलमधलाही बेस हरवला असेल, तर आधी वायरींचे रंग तपासा, मग सोफा मागच्या भिंतीकडे सरकवून बघा. दोन्ही फुकट आहे. तुमच्या वरच्या मजल्यावर बेसकाका राहत असतील, तर मात्र यातलं त्यांना काही सांगू नका.