आमच्याकडेवाले तात्या

तात्यांना ताजमहाल दाखवा, ते म्हणतील, "बरा आहे. पण आमच्याकडच्या जांभ्याच्या घरात गारवा काय असतो!" हे माझे सासरे, दापोलीकडचे बागायतदार. आम्ही नोकरीमुळे दार-ए-सलामला राहतो. तात्या-माई आले तेव्हा बोटीने झांजिबारला गेलो. समुद्र पाहून झाला ("आमच्याकडे हाच आहे, आणि फुकट"), मग स्टोन टाउनहून किझिंबानीला मसाल्याच्या बागेत.

तिथला वाटाड्या पोरगा चुणचुणीत. पान चुरगळून नाकाशी धरायचा आणि विचारायचा, ओळखा! बरोबरची युरोपातली मंडळी लिंबू म्हणत, साबण म्हणत. तात्या लांबूनच, "दालचिनी. चल पुढे." मिरीचा वेल आला. "आमच्याकडे पोफळीवर चढवतात." जायफळ फोडून लालभडक जायपत्री दाखवली, सगळे कॅमेरे पुढे सरसावले. तात्या मला म्हणाले, "विचार त्याला, वरच्या सालीचं काय करता? लोणचं घाला म्हणावं." दालचिनीचं मूळ खरवडून तो त्याचा कापरासारखा वास हुंगायला देऊ लागला, तेव्हा मात्र ओरडलेच, "मूळ कशाला दुखावतोस रे, झाड मरेल!" मोठ्याने बोललेलं मराठी जगात कुणालाही कळतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. पोराने सुरी खाली घेतली, त्यामुळे ही श्रद्धा आणखी पक्की झाली.

पुढे एक जण पायांत दोरी अडकवून गात गात माडावर चढला. लोक टाळ्या वाजवताहेत आणि तात्या खालून, "डावीकडची पेंड बघ, डावीकडची! आमचा पाडेली एवढ्यात चार माड करतो. गात बसत नाही."

लवंगेपाशी गाडी अडली. कळी उमलायच्या आत खुडायची, चटईवर उन्हात वाळवायची, हे पोरगा सांगत होता. तात्या म्हणाले, "आमच्याकडे..." आणि थांबले.

"दोनदा लावली, दोनदा मेली," माईंनी वाक्य पुरं केलं.

पोराने मग १८७२ चं वादळ काढलं. इथल्या लवंगा त्यात भुईसपाट झाल्या, पेम्बा बेटावरच्या बऱ्याचशा वाचल्या, आजही मुख्य पीक तिथलंच. मी भाषांतर केलं आणि तात्यांचा सूरच बदलला. "आमच्याकडे २०२० ला निसर्ग वादळ आलं. अख्खी पोफळीची बाग झोपली." हे सांगताना हात आडवा केला. पोराने मान हलवली. मग दोघं खाली बसून मातीच चिमटीत घेऊन बघायला लागले. सावली किती, पाणी किती, मुंग्यांना काय करता? माझी दुभाषाची नोकरी तिथेच सुटली. युरोप उन्हात उभा.

ड्रायव्हरने तिसऱ्यांदा हॉर्न वाजवला तेव्हा तात्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून त्याचा पत्ता मागत होते. "दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज' दालचिनी आहे. रोपं पाठवतो तुला."

माई गाडीतूनच म्हणाल्या, "शेजारच्यांना दोन वर्षांपूर्वी कबूल केलेली आधी द्या."