पडद्यावरची मेंढरं

बारामती-इंदापूर पट्ट्यात कुठलीही वस्तू कंपनीतून आली तशी राहत नाही. नव्या ट्रॅक्टरला आठवड्याच्या आत गोंडे लागतात, बॉनेटवर कुलदैवत येतं, मडगार्डवर पोराबाळांची नावं, आणि स्पीकर असे की भवानीनगरच्या कारखान्याकडं निघालेला ऊस लासुर्ण्याच्या वळणावर दिसायच्या आधी ऐकू येतो. अशा मुलखात संगणक आला. तो बिचारा कोराच राहील असं ज्याला वाटलं, त्यानं आमच्याकडची बैलगाडीसुद्धा नीट पाहिलेली नसणार.

आणला तो एमएस-सीआयटीनं. २००१ नंतर तलाठी, ग्रामसेवक, गुरुजी, सगळे चाळिशी सावरत माऊस धरायला शिकले. अभ्यासक्रमात वर्ड होतं, एक्सेल होतं. पण अंगी मुरलं ते एकच. मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबायचं, प्रॉपर्टीज उघडायची, की पुढचं राज्य आपलं. एक्सेलनं केलेली बेरीज कॅल्क्युलेटरवर ताडून पाहणारे आमचे एक गुरुजी स्क्रीनसेव्हर मात्र बिनचूक लावायचे. काळ्या पडद्यावर आपोआप वाढत जाणारे ते रंगीत पाइप त्यांच्या विशेष मर्जीतले. "बघा, ठिबकची लाइन टाकायला घेतली," असं म्हणून ते वर्गाला पाच मिनिटं थांबवून ठेवायचे. जुन्या डबा-पडद्यावर एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून ही हलती चित्रं निघाली. पुढं सपाट पडदे आले, डागाची भीती जवळपास गेली. गुरुजींची पाइपलाइन चालूच राहिली.

मग विंडोज एक्सपीचा तो देखावा: हिरवी टेकडी, निळं आभाळ. चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकारानं जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याकडेला थांबून तो टिपला. जगानं त्याला निसर्गसौंदर्य म्हटलं. आमच्याकडं पहिला प्रश्न आला, "एवढं रान पडीक का ठेवलंय?" माझे सासरे द्राक्षबागायतदार. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेऊन निरखलं आणि निकाल दिला, "पडीक न्हाई. बाग काढल्याली हाय."

पुढं कधीतरी वाचनात आलं, की त्या भागातल्या द्राक्षबागांच्या मुळांना फायलॉक्सेरा नावाची कीड लागली होती, वेली उपटाव्या लागल्या होत्या आणि मोकळ्या झालेल्या टेकडीवर गवत माजलं होतं. सगळं जग ज्याच्याकडं पाहून मन शांत करत होतं, ती एका बागायतदाराची बुडालेली बाग होती. सासऱ्यांनी ते चित्र त्याच दिवशी काढायला लावलं होतं. त्या जागी खंडोबा आला.

इथवर सगळं निर्जीव होतं. सजीव सृष्टी आणली ती इंदापूरच्या भाच्यानं, सीडीतून. नव्वदच्या दशकात जपानात जन्मलेलं एक मेंढरू. हे पडद्यावर सुटं फिरायचं. उघडलेल्या खिडकीच्या वरच्या काठावरून चालायचं, टोकाला आलं की घसरून पडायचं, उठायचं, फूल खायचं, मधेच झोपायचं. त्याचा उपयोग शून्य, आणि म्हणूनच गर्दी जमली. शेजारचे तात्या, ज्यांची हयात मेंढरांमागं गेली, तेही येऊन बसले. बराच वेळ पाहून म्हणाले, "ह्ये आजारी हाय का, लगा?"

"का हो तात्या?"

"मेंढरू कधी एकटं फिरतंय व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. भाच्यानं तीच फाइल पुन्हा उघडली, दुसरं मेंढरू पडलं. पुन्हा उघडली, तिसरं. कळप झाला तसा तात्यांचा जीव भांड्यात पडला. काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं, ते दर आषाढी वारीला पाहणारी ही माणसं. त्यांनी लगेच मागणी केली की मेंढरं गोल फिरव. ती काही फिरेनात. जपानी मेंढरांना वारी ठाऊक नव्हती, एवढाच त्यांचा दोष.

त्या काळात इंटरनेटवरून एक जांभळं माकडही यायचं. बोन्झीबडी त्याचं नाव. गप्पा मारायचं, विनोद सांगायचं. सोयरीक जुळवताना चार गावं फिरून चौकशी करणारी आमची माणसं या माकडाला मात्र नेक्स्ट, नेक्स्ट दाबत थेट माजघरात घेत होती. पुढं २००४ साली अमेरिकेत, पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केली म्हणून, त्याच्या कंपनीला ७५ हजार डॉलर दंड भरावा लागला. मेंढरांनी असलं काही केलं नाही. त्यांनी फक्त चारा खाल्ला.

भाचा बारामतीत इंजिनिअरिंगला गेला आणि लिनक्सवाला झाला. २००६ मध्ये कॉम्पिझ नावाचा प्रकार निघाला होता. त्यात डेस्कटॉपचा ठोकळा व्हायचा आणि तो फिरवता यायचा. खिडकी ओढली की ती जेलीसारखी थुलथुलायची. प्रत्येक करामतीचं वेगळं प्लगइन. एका प्लगइननं त्या ठोकळ्याच्या पोटात समुद्र भरायचा आणि त्यात मासे पोहायचे. मावशीनं चष्मा पुसून पाहिलं आणि विचारलं, "ह्यात चिलापी कुठंय?" शार्क होता, देवमासा होता, पण उजनी धरणाच्या काठावर आयुष्य काढलेल्या बाईला तो समुद्र दरिद्री वाटला.

पण खरी कीर्ती झाली ती पाण्याच्या प्लगइनची. शिफ्ट आणि एफ-नऊ एकत्र दाबलं की पडद्यावर पाऊस. थेंब पडायचे, तरंग उठायचे, खालची फाइल पाण्याखाली गेल्यासारखी हलायची. इंदापूर तालुका पर्जन्यछायेतला. आभाळ येतं, गरजतं आणि पुढं निघून जातं, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेलं. आणि इथं दोन बटणांवर पाऊस! वस्तीवरची माणसं दारात चपला काढून आत आली. "जरा जोरात पाड की," एक जण म्हणाला. दुसऱ्याला फक्त त्याच्या गटावर पाहिजे होता. भाच्यानं सेटिंगमध्ये जाऊन थेंबांचा वेग वाढवला, आणि तेवढ्यात लाइट गेली. लोक समाधानानं उठले. पाऊस आला की लाइट जाते. म्हणजे पाऊस खरा होता.

या नादाला कुणी पोरखेळ म्हटलं, की मी मोरोपंतांचं नाव पुढं करतो. पंतांची (१७२९–१७९४) कर्मभूमी बारामती. त्यांनी १०८ रामायणं रचली असं सांगतात. कथा तीच; रावण दर वेळी मरतो, सीता दर वेळी परत येते. बदलतो तो वरचा साज. एकात ओठांनी उच्चारायची अक्षरंच वापरायची नाहीत असं त्यांनी ठरवलं, ते निरोष्ठ रामायण. म्हणजे 'म' गेला, 'प' गेला. ज्या रामायणात 'राम' बसत नाही आणि कवीला आपलं नावही घालता येत नाही, ते हट्टानं पूर्ण करणाऱ्या माणसाच्या गावात, काम न होणारा संगणक सजवत बसलेल्या पोराला मी तरी कुठल्या तोंडानं रागवू?

आता भाचा पुण्यात नोकरी करतो. त्याचा डेस्कटॉप राखाडी आहे. कंपनी म्हणे बदलू देत नाही. गावी आला की माझ्या पडद्याकडं सासुरवाशिणीनं माहेरच्या अंगणाकडं पाहावं तसा पाहतो.

कारण ती मेंढरं नव्या विंडोजसाठी कुणीतरी हौशी माणसानं पुन्हा लिहून काढली आहेत, आणि माझ्याकडं, तसंच आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर, अजून चरतात. मार्चमध्ये लेखापरीक्षक आले. ताळेबंद उघडला, तर त्याच्या वरच्या काठावरून कळप चाललेला.

"हे काय आहे?"

आमचे कॅशियर न डगमगता म्हणाले, "मेंढीपालन कर्जाचं तारण, साहेब. डोळ्यांसमोर असलेलं बरं."

एक मेंढरू ताळेबंदावरून घसरलं, थकबाकीच्या यादीवर आपटलं, उठलं आणि चालू लागलं. साहेब ते पडद्याबाहेर जाईपर्यंत पाहत राहिले. मग फायलीत मान घालून म्हणाले, "विमा उतरवलाय का?"