आमची टाकी भरतच नसती!

(रंगमंचावर एक प्लास्टिकची खुर्ची, भिंतीला टेकवलेली सब्बल. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला पन्नाशीचा गृहस्थ मोबाइलवर बोलत येतो.)

हॅलो... टँकरवाले का? नाही हो, पाण्याचे नाही, दुसरे! उपसायचे. हां, सक्शनगाडी. शिरडहून बोलायलोय... शिर्डी नाही! शिरड शहापूर. औंढा-वसमत रस्ता. मल्लिनाथाचं जैन मंदिर आहे ना, तेच गाव. आल्यावर कुणाला विचारू नका, सरळ फोन करा... कामून म्हणजे? गावाला कळंल ना!

(फोन ठेवतो.)

उद्या महालक्ष्म्या बसायल्यात. घरभर पाहुणे. नवा जावई पहिल्यांदाच सणाला आलाय. आणि सकाळपासून संडासात बादलीभर पाणी टाकलं की ते खाली जायचं सोडून वर यायलंय, कोण आलंय बघायला! जावईबापू आत जाऊन आले. बोलले काहीच नाहीत. पण आल्यापास्नं उभेच आहेत.

आमचे बाप्पा, म्हणजे वडील, ओसरीवर बाजेवर बसून एकच सांगायलेत : "आपली टाकी भरतच नसती." गावानं हे लई वर्षं ऐकलंय. सोयरीक जमवताना लोक जमीन सांगतात, नोकरी सांगतात. आमचे बाप्पा टाकी सांगतात. "दहा बाय दहा, खोल बारा फूट! एकदाबी उपसली नाही!" पाव्हणे मान डोलवायचे. एकानं तर हुंड्याचा विषयच काढला नाही, इतका दबला.

संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं ना 2000 साली, तवाची खांदलेली. पुढं 2014 ला स्वच्छ भारत आलं, घरटी बारा हजार रुपये मिळायला लागले. साहेब येऊन गल्लीत सांगून गेले : दोन शोषखड्डे घ्या, उथळ घ्या. एक भरला की दुसरा चालू करा. पहिल्याला दीड-दोन वर्षं आराम द्या, आतल्याचं खत होतंय, वास नाही काही नाही. बाप्पा म्हणले, "आपल्याला कधी सुट्टी नाही, अन् खड्ड्याला दीड वर्षं?" झालं! सगळ्या गल्लीनं एकेकच खड्डा घेतला. पण विहिरीएवढा.

(फोन वाजतो.)

हां बोला... ढापा? ढापा कुठंय म्हणजे? टाकीवरच असंल की!

(फोन छातीशी धरून, विंगेत) बाप्पा, ढापा कुठंय?

(बाप्पांच्या आवाजात) "मोरीच्या अंगाला." मोरीची फरशी फोडली. खाली दगड. "मग तुळशीच्या अंगाला." तुळशीला हात लावू देईना आमची ही. शेवटी सब्बल ठोकत ठोकत आवाज ऐकत निघालो... टक, टक, टक... ढब! कुठं? बाप्पांच्या बाजेखाली. इतकी वर्षं माणूस स्वतः राखण बसलंय!

तवर गल्ली जमली. सल्ला फुकट. एक म्हणला, किलोभर गूळ टाका. दुसरा म्हणला, शेण कालवून वता. अहो, आत जंतू काय कमी आहेत? गाळ खाली बसतो, तेल-चरबी वर तरंगती, मधे पाणी. अन् त्या गाळाला खात खात ते बिचारे रात्रंदिवस राबतात. पगार नाही, पेन्शन नाही. अन् आमची ही दर रविवारी संडास चकाचक पायजे म्हणून त्यांना बाटलीभर ॲसिड पाजती!

तिसरा जवळ आला. कानाशी. "गाडीला कशाला पैसे घालता? माणूस उतरवा. पाचशात काम." मी म्हणलं, "बरं. तू उतर." तर म्हणला, "मी कसा?"

(थांबतो.)

हे "मी कसा" लई जुनं आहे, मंडळी. राज्यघटनेपेक्षा जुनं. 2013 चा कायदा आहे : असं कुणाला टाकीत उतरवलं तर पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत आत, नाहीतर दोन लाखांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. आत जो वायू असतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. अन् जास्त झाला की नाकच मरतं, वास येईना होतो. माणसाला वाटतं, हवा बरी झाली. त्याच्यामागं वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्यामागं तिसरा. 2023 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, असा माणूस गेला तर घरच्यांना तीस लाख द्या. अन् हा मला पाचशे सांगायलाय.

(रिव्हर्सचा भोंगा तोंडानं वाजवत) पीं... पीं... पीं... आली! फोन करा म्हणलं होतं, ह्या गाडीनं अख्ख्या शिरडाला फोन केला. तिकडं वाईला 2018 पासून नगरपालिकाच ठरवून दर तीन वर्षांनी एकेका घराची टाकी उपसती. बोलवायचं काम नाही, नंबर लागला की गाडी दारात. आमच्याकडं न बोलवता फक्त पाव्हणे येतात.

मी गाडीवाल्याला आधीच विचारलं, "रिकामी कुठं करणार?" तो म्हणला, "बघू की." पण गाडीचं तोंड ओढ्याकडं! म्हणलं, नाही बाबा. हळदीतबी नाही, वसमतच्या हळदीला 2024 ला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यात आपली भर नको. आमच्या पडीक तुकड्यात, विहिरीपासून लांब, चर खांदून ठेवलाय. तिथं वत, वरून माती लोट.

पाइप आत गेला. घर्रर्र... गाडी भरली. टाकीत बघतो तर पाणी तेवढंच! दुसरी खेप. तेवढंच! गाडीवाल्यानं लांब गज घेतला, खाली सोडला, सोडला... (हात जमिनीपर्यंत) वर बघितलं अन् म्हणला, "दादा, ह्याला बूडच नाही."

बाप्पा बाजेवरून उठले! "मंग? म्हणून तर भरत नाही!"

उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की सगळं झिरपून जायचं. आता भादव्यात माती फुगली, जमिनीतलं पाणी वर आलं अन् बाहेरचंच आत यायलंय. म्हणजे मी अख्ख्या शिरडाचं भूजल उपसायलोय, खेपेच्या भावानं!

गाडीवाल्यानं इकडं तिकडं बघितलं. "बोर कुठंय? पन्नास-साठ फूट तरी लांब असंल ना?"

(मोठ्या आत्मविश्वासानं पावलं टाकत मोजतो.) एक... दोन... तीन... चार... (थबकतो.) पाच.

तेवढ्यात आमची ही चहा घेऊन आली. गाडीवाल्यानं कप हातात घेतला, माझ्याकडं बघितलं, चहाकडं बघितलं. "वहिनी, बोरच्या पाण्याचा का?" अन् कप हळूच ढाप्यावर ठेवून दिला.

(स्वतःचा कप ओठाला लावणार, तोच थांबतो. विंगेकडे बघत, घाईनं)

जावईबापू... अहो जावईबापू! तो कितवा कप?

(अंधार.)