कार्बोरेटरकाका

मोटारसायकल रस्त्याच्या कडेला बंद पडली, की मेकॅनिक मिळायला वेळ लागतो. काका मिळायला लागत नाही. तिसरी किक वाया जायच्या आत ते हजर असतात. कराड-तासगावच्या पट्ट्यात ते उसाच्या फडातून बाहेर येतात, कोल्हापूरकडे चहाच्या गाड्यावरून उठून येतात, आणि पुण्यात वरच्या गॅलरीतून आधी नुसता त्यांचा आवाज येतो. माणूस मात्र एकच. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, पांढरा शर्ट, खिशात पेनाशेजारी टेस्टर. या टेस्टरने त्यांनी कधी करंट तपासल्याचं कुणी पाहिलेलं नाही. तो स्क्रू फिरवायला असतो.

‘बंद पडली व्हय?’ ते विचारतात. मग, ‘पेट्रोल हाय का?’ या प्रश्नाने गाडीवाल्याचा अपमान होतो. तो म्हणतो, कालच टाकलंय. काका त्याच्यावर विश्वास ठेवत नाहीत. झाकण उघडून आत डोकावतात, हँडल धरून गाडी गदागदा हलवतात, डुचमळण्याचा आवाज ऐकतात आणि पेट्रोल कॉक रिझर्व्हला फिरवतात. बंद पडलेल्या गाड्यांतल्या कितीतरी इथेच चालू होतात. अशा वेळी गाडीवाल्याचा चेहरा खुलतो आणि काकांचा पडतो. एवढ्या लांबून आलं आणि हातही काळे झाले नाहीत!

पण बऱ्याचदा रिझर्व्हला लावलेली गाडी दोन-चार किलोमीटर जाऊन पुन्हा आचके देते. हे काकांचं खास क्षेत्र. कॉकची एक नळी टाकीत उभी असते. ‘ऑन’वर पेट्रोल तिच्या वरच्या टोकातून येतं, तळाला हातच लागत नाही. रिझर्व्ह मात्र थेट तळातून ओढतं, आणि तळात वर्षानुवर्षांचा गंज, माती, पावसाळ्यात झाकणातून झिरपलेलं पाणी असं सगळं निवांत बसलेलं असतं. म्हणून काका गाडीकडे न बघताच निदान सांगतात, ‘कचरा आलाय.’ आणि ते बरोबर निघण्याची शक्यता चांगलीच असते, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करावं.

विरोधक असतातच. बंद गाडीभोवती जमणाऱ्यांत पहिल्यापासून दोन पक्ष: प्लगवाले आणि कचरावाले. प्लगवाल्यांची एकहाती सत्ता टू-स्ट्रोकच्या जमान्यात होती. राजदूत, येझडी, आरएक्स 100, शिवाय चेतक स्कूटर. पेट्रोलबरोबर ऑइल जळायचं, प्लगच्या टोकाला काजळी धरायची. प्लग काढा, पॉलिश पेपर मारा, बसवा, निघा. येझडी आणि आरएक्स या दोन्हींचं उत्पादन 1996 साली थांबलं, रस्त्यावर स्प्लेंडरचं राज्य आलं, आणि प्लगवाल्यांचा जनाधार गेला. काका तेव्हाही कचऱ्याच्या बाजूने होते. पण ते हट्टी असले तरी आंधळे नाहीत. ‘प्लग काढा’ हे तेही सांगतात. किका मारूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर नको तेवढं पोचतंय. विरोधी पक्षाच्या हातूनच ते आपला पुरावा गोळा करतात.

मग बाटली लागते. गाडीवाल्याच्या डिकीतली पाण्याची बाटली घेऊन काका ती त्याला न विचारता ओतून टाकतात, कार्बोरेटरकडची नळी ओढून बाटलीत सोडतात आणि कॉक उघडतात. त्याआधी बिडीवाल्याला लांब उभं केलं जातं. तो जातो, पण सल्ला सुचला की बिडीसकट परत येतो.

धार बघतानाचे काका निराळेच असतात. बडबड थांबते. जुन्या गाडीत टाकी वर आणि कार्बोरेटर खाली, मध्ये पंप नाही की वायर नाही. पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं, त्यामुळे ते कुठे अडलं हे डोळ्यांनी शोधता येतं. धार पहिल्यापासून बारीक, तर कॉकची जाळी किंवा फिल्टर तुंबलाय. धार जोरदार आणि अखंड, तर टाकीपासून नळीपर्यंत सगळं ठीक, दोष पुढे कार्बोरेटरात. आणि धार आधी चांगली लागून हळूहळू करंगळीवरून सुतळीवर आली, तर काका काही न बोलता टाकीचं झाकण उघडतात. ‘फुस्स’ असा आवाज होतो, धार परत जोरात लागते, आणि काका जमलेल्या लोकांवरून एक नजर फिरवतात.

झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते धुळीने, पॉलिशने किंवा टाकीवर हौसेने चढवलेल्या रेक्झिनच्या कव्हराने बुजलं, की पेट्रोल उतरतं पण त्याच्या जागी आत हवा जात नाही. थोड्या वेळाने पेट्रोलही उतरायचं थांबतं. गाडी बंद. दहा मिनिटं शिव्या घालत बसलं की हवा मुरते, गाडी चालू, पुन्हा काही अंतरावर बंद. या लक्षणावर गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी इंजिन खोलायची भाषा केली, आणि आपण नुसतं झाकण सैल करून गाडी घाट चढवली, ही गोष्ट काकांकडे असते. ती कधी खंबाटकीत घडते, कधी कुंभार्लीत, एकदा तर थेट आंबोलीत. गोष्ट खरी आहे, फक्त घाट बदलतो.

दोष पुढे निघाला तर कार्बोरेटर उघडणं आलं. शहाणा माणूस आधी खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल करतो, पेट्रोल हातावर घेऊन त्यात पाण्याचे मणी पळतात का बघतो. पाणी जड, ते तळाशीच असतं. काकांना हे माहीत आहे, पण त्यात मन रमत नाही. त्यांना वाटीच उघडायची असते. स्क्रूंची डोकी आधीच्या काकांनी गोल करून ठेवलेली असतात. त्यातला एक गवतात पडतो. सगळे वाकून शोधतात, बिडीवाला धरून.

शेवटी जेट हाती येतो. पितळेचा, नखाएवढा, मधलं भोक सुईच्या टोकाएवढं. चोक ओढला तर चालू राहते आणि चोक सोडला की मरते, तर हा लहान जेट तुंबलेला. जागेवर छान फुरफुरते पण रेस केली की गुदमरते, तर संशय मोठ्या जेटवर. काका जेट ओठांत धरून फुंकतात, तोंडात आलेलं पेट्रोल थुंकतात, पुन्हा फुंकतात, आणि एक डोळा मिटून तो उन्हाकडे धरतात. भोकातून उजेड दिसला, की काम झालं.

दिसला नाही, तर ते ब्रेकच्या जुन्या केबलमधली तार मागतात. इथे मात्र काकांना हात धरून थांबवावं. पितळ मऊ, पोलादी तारेने भोक ओरखडतं, मोठं होतं, आणि मग ती गाडी जन्मभर पेट्रोल पीत राहते. ‘मायलेज वाढंल बघा आता,’ असं काका निघताना सांगतात ते नेमकं याच गाडीच्या मालकाला. त्यांच्या तळहातावर तेव्हा एक स्क्रू शिल्लक असतो. तो कंपनीने जादा दिलेला होता, असं त्यांचं मत.

1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 चे नियम लागले आणि मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. आता पंप टाकीच्या आत. चावी फिरवली की दोन सेकंद ‘सुंई’ करतो आणि इंजेक्टरला अडीच-तीन बार दाबाने पेट्रोल पुरवतो. फुंकायला जागा उरली नाही. दुसरा कुणी खचला असता. काकांनी टाकीला कान लावायला सुरुवात केली. ‘सुंई’ ऐकू आली नाही, तर ते ‘फ्यूज बगा’ म्हणतात, आणि हा सल्ला अगदी योग्य असतो. आली, तर मात्र ते काही वेळ अस्वस्थपणे गाडीभोवती फिरतात आणि निष्कर्षावर येतात, ‘पेट्रोलमधीच पाणी हाय.’

यात तथ्य आहे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट पेट्रोलपासून सुटून तळाला बसतं. टाकीत पावसाचं पाणी गेलेली गाडी बरेच दिवस उभी राहिली, तर पंप नेमकं तेच ओढतो. हे सगळं काका बोटं मोडत सांगतात, इथेनॉलला दोन कडक शिव्याही घालतात. तेवढ्यात गर्दीतलं कुणीतरी विचारतं, ‘काका, तुमचा ऊस कुठल्या कारखान्याला?’

काका सभासद असतात. मळी त्यांच्याच उसाची, इथेनॉल त्या मळीचं. क्षणभर विचार करून ते भूमिका दुरुस्त करतात: इथेनॉल एक नंबर हाय, गाड्याच हलक्या निघाल्यात. ‘मग इथेनॉलचा पैसा उसाच्या दरात का दिसंना?’ दुसरा विचारतो. हा प्रश्न पडल्यावर गाडीकडे कोण बघतो? पहिली उचल किती, मागचं बिल कधी, काटा कुणाचा खरा, यावर रस्त्याच्या कडेला जोरदार सभा सुरू होते. बिडीवालाही आता बिनधास्त जवळ येतो.

गाडीवाला पोरगा तेवढ्यात साइड स्टँड वर करतो. तो खाली असला की हल्लीच्या काही गाड्या चालूच होत नाहीत. बटण दाबतो, गाडी सुरू. तो गुपचूप गिअर टाकतो, पण काकांचं लक्ष असतंच.

‘पाव्हणं, रिझर्व्हला लावून जावा!’ ते मागून ओरडतात. त्या गाडीला कॉकच नसतो.