चिंचेखालची रेंज

आमच्या मामाच्या घरी पाहुण्याला आधी पाणी देतात, मग चहा देतात आणि मग रेंजची जागा दाखवतात. नारायणगावहून खोडदकडे जाताना मध्येच आत वळलं की मामाची वस्ती लागते. तिथे रेंज हवेसारखी सगळीकडे नसते, विहिरीसारखी एका जागी असते. ओट्याच्या डाव्या कोपऱ्यात एक काडी, पाण्याच्या टाकीवर चढलं तर दोन आणि चिंचेखाली, वारा पश्चिमेचा असेल तर, तीन. वाऱ्याचा आणि रेंजचा काही संबंध नसतो, हे मी मामाला नीट समजावून सांगितलं. "नसंल," मामा म्हणाला, "पण पश्चिमेचा असला की येती." पुढे दोन महिने मीही आधी वारा बघायचो आणि मग फोन लावायचो.

मी कोथरूडचा. आमच्या गल्लीतल्या खांबावर इतक्या कंपन्यांच्या वायरी लोंबतात की आपली कुठली, हे वायरमनलाही ओढून बघावं लागतं. ओढली की शेजारच्यांचं नेट जातं, म्हणजे ही आपली नव्हे. असा माणूस करोनाच्या दुसऱ्या वर्षी, २०२१ च्या पावसाळ्यात, लॅपटॉप घेऊन मामाकडे राहायला गेला. घरून काम करायचंच आहे तर मामाचं घर काय वाईट, असा साधा विचार होता. पहिल्याच मीटिंगला साहेबांनी माझ्या पाठीमागचं चिंचेचं झाड बघून विचारलं, "बॅकग्राउंड छान आहे, कुठून डाउनलोड केलंस?" तेवढ्यात बॅकग्राउंडमधून शेळी आली आणि तिने चार्जरची वायर तोंडात धरली.

मामाला नेट हवं होतं ते नारायणगावच्या बाजारातल्या टोमॅटोच्या भावासाठी. भाव सकाळी एक असतो आणि क्रेट भरून गाडी निघेपर्यंत दुसरा होतो. सगळे भाव ग्रुपवर येतात, पण मामाच्या मोबाइलवर ते संध्याकाळी उतरायचे, तेव्हा टोमॅटो विकून झालेला असायचा. "शिळा भाव," मामा म्हणायचा, "शिळ्या भाकरीचं निदान दूध घालून काहीतरी होतं."

म्हणून आम्ही जोडणीसाठी अर्ज केला. कंपनीचं नाव सांगत नाही. त्यांचा पोरगा चांगला होता, फक्त पाचनंतर येत नव्हता. वस्तीच्या दोन्ही बाजूंना ऊस आहे आणि जुन्नर तालुक्यात उसात बिबट्या असतो, ही काही अफवा नाही. माणिकडोहला बिबट्यांसाठी निवारा केंद्रच आहे. पोरगा एका दुपारी आला, मोबाइलवर काहीतरी मोजलं आणि म्हणाला, "फिजिबल नाही." मामाने मला बाजूला घेऊन विचारलं, "पैसे मागतोय का?"

फिजिबल नाही म्हणजे काय, ते मला रात्री ओट्यावर पडल्यापडल्या उमगलं. कोथरूडच्या आमच्या इमारतीत अठ्ठेचाळीस बिऱ्हाडं आहेत. एक वायर जिन्यापर्यंत आणली की अठ्ठेचाळीस बिलं सुरू. मामाकडे अडीच किलोमीटर वायर टाकायची, ओढा ओलांडायचा, दोन ठिकाणी शेतमालकाच्या विनवण्या करायच्या, आणि शेवटी बिल एक. तेही टोमॅटो पडला तर उशिरा.

सरकारचा विचार याहून मोठा होता. गावागावांत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींसाठी. २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. मूळ योजना ग्रामपंचायतीपर्यंत म्हणजे ग्रामपंचायतीपर्यंतच होती. तिथून घरापर्यंतचा रस्ता कुणी चालायचा, हा पुढचा प्रश्न. लग्नाची वरात वेशीपर्यंत वाजतगाजत यावी आणि तिथून नवरदेवाला 'आता पायी या' म्हणावं, तसं हे आहे. मामाची वस्ती वेशीपासून लांब.

आणि हे सगळं कुठे, तर जुन्नर तालुक्यात! मला हसू येतं ते इथेच. मामाच्या घरापासून फार दूर नाही असं आर्वी गाव आहे. परदेशांशी उपग्रहामार्फत बोलणारं देशातलं पहिलं भूकेंद्र १९७१ साली तिथे सुरू झालं. विक्रम साराभाईंच्या नावाचं ते केंद्र. म्हणजे सगळ्या भारताचे परदेशी फोन उपग्रहाला भिडायचे ते आमच्या मामाच्या पंचक्रोशीतून. मामा तेव्हा शाळेत होता. त्याच्या गावात फोन नव्हता, पण अख्ख्या जगाचा फोन त्याच्या डोक्यावरून जात होता.

दुसरी गोष्ट खोडदची. तिथली रेडिओ दुर्बीण, जीएमआरटी, गोविंद स्वरूप यांनी उभी केली. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. जागा हीच का, तर इथे माणसांचा रेडिओ गोंगाट कमी. "म्हंजे आमी गप बसतो म्हणून ती हितं आली," मामाने लगेच हिशेब मांडला. आपल्याकडे रेंज नाही ती या दुर्बिणीमुळेच, असं त्याचं मत आहे. खरं कारण मधली टेकडी आणि मोजकी घरं, पण दुर्बिणीला दोष देण्यात जो रुबाब आहे तो टेकडीला देण्यात नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

या दुर्बिणीने २०१६ मध्ये मंगळावर उतरू पाहणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण संदेश पकडला. सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेल्या हायड्रोजनच्या लहरीही तिने टिपल्या, ती बातमी २०२३ च्या जानेवारीत आली. आणि या सगळ्या तबकड्यांना मधल्या इमारतीशी जोडलंय कशाने? ऑप्टिकल फायबरने! मामाच्या शिवारात फायबर केव्हाच येऊन पोचलं होतं. ते आकाशासाठी होतं, एवढंच.

त्याच २०२३ च्या जानेवारीत सरकारने ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट मिळाले की ते ब्रॉडबँड ठरायचं, आता किमान २ मेगाबिट हवेत. मी फोनवर हे मामाला सांगितलं. "मग चिंचेखाली येतं त्याला काय म्हणायचं?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "नशीब."

२०२१ मध्ये मी मामाकडे असतानाच, १५ ऑगस्टला, ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पाठवायचा. म्हणजे पीक शेतात आणि रेंज चिंचेखाली. मामाने फोटो काढला, मोबाइल खिशात घातला, चिखलातून चालत चिंचेखाली आला, वारा बघितला आणि अपलोडचं चाक फिरताना तासभर उभा राहिला. तलाठ्याकडे खेटे घालण्यापेक्षा बरं, असं तो स्वतःच म्हणाला. तक्रार करायची सवय पुणेरी, त्याला नाही.

आता कबूल करतो. मला ते दोन महिने फार आवडले. संध्याकाळी ओट्याचा डावा कोपरा सोडला की जगाशी संबंध संपायचा. कुणाचा 'अर्जंट' फोन नाही. जेवताना सगळे ताटाकडे बघायचे. वाकडेवाडीला एसटीतून उतरलो तेव्हा मोबाइल खिशात कुडकुडत होता आणि मला मामाच्या वस्तीची आठवण येऊन गलबलून आलं. घरी पोचताच मी तसं मामाला कळवलं, "तुमच्याकडे किती शांत आहे हो, रेंजच नाही!" मामा क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "तुझं परतीचं तिकीट होतं."

तेव्हा तुम्ही जुन्नरकडे गेलात, लेण्याद्री, शिवनेरी, नाणेघाट बघितलात आणि रेंज मिळत नाही म्हणून जिवाला बरं वाटलं, तर खुशाल वाटू द्या. फक्त जेवायला बसाल तेव्हा यजमानांना तसं सांगू नका.